वारीला निघण्याआधीचे सात आठवडे



अक्षय तृतीया जवळ आली की गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. यंदा वारीला कोण कोण येणार? कुणाची सासू दरवर्षी जाते, कुणाला पहिल्यांदाच जायचंय, कुणी नवस बोललेली असते. नावं ठरतात, दिंडी ठरते, पैसे किती लागतील त्याचा हिशोब होतो. आणि मग कुणी विचारलं, "तयारी काय करायची गं?" तर उत्तर येतं, "तयारी कसली? दोन लुगडी पिशवीत टाकायची आणि निघायचं. बाकी माउली बघून घेते."

माउलीवर भार जरूर टाकावा. पण आपले पाय, आपलं पाणी, आपली औषधं आणि आपली झोप यांची काळजी आपणच घ्यायची असते. वाटेवर ज्या बायका तिसऱ्या-चौथ्या दिवशी लंगडायला लागतात, चक्कर येऊन बसतात, त्यांची भक्ती कमी नसते. तयारी कमी पडलेली असते. म्हणून आज आपण तयारीबद्दलच बोलू. सगळं बोलणं लक्षात राहिलं नाही तरी चालेल, एक प्रश्न मात्र ध्यानात ठेवा. वाटेवर काहीही करताना स्वतःला विचारायचं, "हे केलं तर उद्या पहाटे उठून मला चालता येईल का?" आजचा मुक्काम कसाबसा सगळ्याच गाठतात. कस लागतो तो दुसऱ्या दिवशी.

वाट आहे तरी केवढी?

आळंदी ते पंढरपूर हे अंतर सुमारे २५० किलोमीटर आहे. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते. तुकोबांची पालखी त्याच्या आदल्या दिवशी, सप्तमीला, देहूहून निघते. दोन्ही पालख्या आषाढ शुद्ध दशमीला पंढरीत पोचतात. मध्ये पुणे, सासवड, लोणंद अशा ठिकाणी जास्तीचा मुक्काम असतो, पण बाकीचे दिवस रोज चालणं. साधारण १५ ते २० किलोमीटर रोजचे. सर्वांत कठीण दिवस पुणे ते सासवड. त्या दिवशी सुमारे ३० किलोमीटर चालायचं असतं आणि त्यातच दिवे घाट चढायचा असतो. आणि हा दिवस वारीच्या सुरुवातीलाच येतो, पाय अजून वाटेला सरावलेले नसताना.

आता थोडा हिशोब करू. आपलं एक पाऊल साधारण दोन फुटांचं. म्हणजे २५० किलोमीटरला चार लाखांच्या वर पावलं. प्रत्येक पाय दोन लाख वेळा जमिनीवर आपटणार. चपलेचा पट्टा किंचित जरी घासत असला तरी तो दोन लाख वेळा घासणार. एरवी ज्या गोष्टीकडे आपण बघतही नाही, ती वारीत मोठी होते ती अशी.

हवेचंही नक्की नसतं. २०२३ साली आषाढी एकादशी २९ जूनला होती, २०२४ साली १७ जुलैला. तिथी अशी पुढेमागे होते, त्यामुळे कधी पालखी कडक उन्हात निघते, तर कधी भर पावसात. म्हणून तयारी दोन्हीची ठेवायची.

"मी तर दिवसभर शेतात राबते"

चालायचा सराव करा म्हटलं की बायका हसतात. "आम्हाला काय सांगता, आम्ही खुरपायला जातो, डोक्यावर वैरण आणतो, विहिरीवरून पाणी आणतो." खरं आहे. दम आपल्याकडे आहे. पण शेतातलं काम आणि वाटेवरचं चालणं यांत फरक आहे. शेतात आपण वाकतो, बसतो, उठतो, काम बदलतो. पायाखाली मऊ माती असते. वारीत पायाखाली डांबर, आणि तीच एक हालचाल तासन्‌तास. त्यात दिंडी भजन म्हणत, थांबत थांबत पुढे सरकते. म्हणून चालणं १८ किलोमीटरचं असलं तरी पायांवर उभं राहणं पहाटेपासून संध्याकाळपर्यंतचं होतं. पोटऱ्या, घोटे आणि तळव्याची कातडी यांना या गोष्टीची सवय नसते. ही सवय हळूहळू लागते, आणि ती घरीच लावावी लागते.

अक्षय तृतीयेला सुरुवात केली तर आळंदीच्या प्रस्थानापर्यंत ५० दिवस मिळतात, म्हणजे सात आठवडे. मध्ये अधिक ज्येष्ठ आला तर आणखी एक महिना. एवढा वेळ पुरेसा आहे.

आधी आरोग्य केंद्रात

पहिल्याच आठवड्यात सगळ्या जणी मिळून प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. आशाताईला आधी सांगून ठेवा. तीन गोष्टी तपासून घ्यायच्या: रक्तदाब, साखर आणि हिमोग्लोबिन. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं समजतात. थोडं कमी असेल तर लोहाच्या गोळ्या सुरू करून सात आठवड्यांत फरक पडतो. निघायच्या आदल्या दिवशी कळलं तर मात्र काही करता येत नाही. गोळी चहाबरोबर घेऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्या.

ज्यांना रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं, "मी रोज २० किलोमीटर चालणार आहे, जेवणाच्या वेळा पुढेमागे होणार आहेत." गोळीचं प्रमाण किंवा वेळ बदलायची का, ते डॉक्टर ठरवतील. पूर्ण वारीच्या गोळ्या आणि वर आठवडाभराच्या जास्तीच्या बरोबर घ्या. ज्यांना छातीत दुखतं, चार पायऱ्या चढून धाप लागते, जी गरोदर आहे किंवा जिचं नुकतंच ऑपरेशन झालंय, तिनं डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय निघू नये.

सात आठवड्यांचा सराव

वैशाखाचं ऊन असतं, म्हणून पहाटे साडेपाचला निघायचं आणि ऊन चढायच्या आत परतायचं. अंतर मोजायला गावातल्या कुणालाही मोटारसायकलवर पाठवा. घरापासून फाट्यापर्यंत किती, देवळापर्यंत किती, हे एकदा मोजून घेतलं की झालं.

पहिले दोन आठवडे: आठवड्यातले पाच दिवस रोज ३ किलोमीटर. दोन दिवस आराम.

तिसरा आणि चौथा आठवडा: रोज ५ किलोमीटर, आणि आठवड्यातून एक दिवस ८ किलोमीटर.

पाचवा आठवडा: रोज ६ किलोमीटर. एक दिवस १२ किलोमीटर, पाठीवर भरलेली पिशवी घेऊन, आणि जी पायताणं वारीत घालणार तीच घालून.

सहावा आठवडा: हा सर्वांत महत्त्वाचा. लागोपाठ दोन दिवस १२ ते १५ किलोमीटर चालायचं. पहिल्या दिवशी सगळ्याच चालतील. दुसऱ्या दिवशी अंग आंबलेलं असताना कसं वाटतं, काय दुखतं, कुठं घासतं, ते बघायचं. बाकीचे दिवस रोज ४–५ किलोमीटर पुरे. गावाजवळ टेकडी असेल तर एकदा चढून उतरून या, दिवे घाटाची सवय होईल.

सातवा आठवडा: कमी करायचं. रोज ३ किलोमीटर पुरे. निघायच्या आधीचे दोन दिवस पूर्ण आराम. शेवटच्या आठवड्यात जास्त चाललं म्हणजे ताकद वाढते असं नाही, उलट थकलेल्या पायांनी वारी सुरू होते.

याबरोबर रोज संध्याकाळी दाराची चौकट धरून टाचा वर उचलायच्या आणि सावकाश खाली टेकवायच्या, १५ वेळा. त्यानं पोटरीला बळ येतं आणि रात्री पायात गोळे येणं कमी होतं.

सरावाचा आणखी एक फायदा सांगते. ज्या दिवशी तुम्ही १२ किलोमीटर चालायला जाल, त्या दिवशी घरचा चहा, धारा आणि भाकरी दुसऱ्या कुणाला तरी कराव्या लागतील. तो घरच्यांचाही सराव समजा. वारीचे दिवस मृगाच्या पेऱ्याच्या आसपास येतात. बाई तीन आठवडे घरात नाही म्हणजे धार कोण काढणार, म्हाताऱ्या माणसांची औषधं कोण देणार, शाळा सुरू झाल्यावर मुलांचं कोण बघणार, हे सात आठवडे आधी ठरलं तर भांडण होत नाही. आणि वाटेवर जीव घराकडे ओढ घेत नाही.

पायताण आणि पाय

नवी चप्पल वारीसाठी राखून ठेवायची आणि निघायच्या दिवशी घालायची, ही सवय सोडा. पायताण सात आठवडे आधीच घ्या आणि सरावात वापरा. घ्यायला संध्याकाळी जा, कारण दिवसभरानं पाय थोडे सुजलेले असतात आणि वारीतही ते सुजणारच आहेत. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीइतकी जागा हवी. नुसत्या अंगठ्याची चप्पल चालताना बोटांनी धरून ठेवावी लागते, त्यानं पोटऱ्या दुखतात आणि चिखलात पाय घसरतो. मागून पट्टा असलेली, जाड तळव्याची सँडल बरी. पावसात ती लवकर वाळते. कापडी किंवा खेळाचे बूट ज्यांना जमतात त्यांनी मोज्यांचे दोन-तीन जोड घ्यावेत, ओले झाले की बदलावेत.

कुणाचा अनवाणी चालायचा नवस असतो. असेल तर सरावही अनवाणीच करा, थोडा थोडा वाढवत. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी मात्र अनवाणी मुळीच चालू नये. त्यांच्या तळव्याला काटा टोचलेला, चटका बसलेला कळत नाही आणि छोटी जखम चिघळते.

रोज मुक्कामावर पोचलं की आधी पाय धुवायचे. बोटांच्या बेचकीतून कोरडे करायचे, नाहीतर पावसात चिखल्या होतात. मग मोबाइलच्या उजेडात तळवे बघायचे. लाल झालेली, चुरचुरणारी जागा दिसली तर तिथे फोड यायचा आहे असं समजा आणि तेव्हाच चिकटपट्टी लावा. चालताना चुरचुरलं तर "पुढच्या विसाव्याला बघू" म्हणू नका. रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं बसा. पाच मिनिटं मागं पडलात तर दिंडी गाठता येते. फोड फुटला तर पुढचे चार दिवस गेले.

फोड आलाच तर छोटा फोड फोडू नका. स्वच्छ करून वर पट्टी लावा. सुईत दोरा ओवून तो फोडातून काढायचा आणि आतच ठेवायचा, अशी एक जुनी रीत आहे. ती टाळा, त्या दोऱ्यातून घाण आत जाते. मोठा, दुखणारा फोड असेल तर आरोग्य पथकाकडून त्यातलं पाणी काढून घ्या आणि वरची कातडी तशीच राहू द्या.

मांड्या घासून सोलवटणं हे दुखणं बायका कुणाला सांगत नाहीत. निघण्याआधी मांड्यांना खोबरेल किंवा व्हॅसलिन लावा आणि परकराखाली गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी घाला. सगळा त्रास टळतो.

पाठीवर काय, ट्रकमध्ये काय

दिंडीत गेलात तर मोठं बोचकं ट्रकमध्ये जातं. पण ट्रक पुढे निघून जातो आणि तो थेट मुक्कामालाच भेटतो. म्हणून दिवसभराला लागणारं सगळं आपल्या पाठीवर हवं.

एका खांद्याची पिशवी घेऊ नका. दिवसाच्या शेवटी तो खांदा आणि मान धरते. लेकराचं शाळेचं जुनं दप्तर सर्वांत छान. दोन्ही खांद्यांवर भार वाटला जातो आणि हात मोकळे राहतात. वजन किती? आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा कमी. ५० किलोच्या बाईनं पाण्यासकट ४ किलोच्या वर नेऊ नये. एक लिटर पाणी म्हणजेच एक किलो, हे धरून चाला. दप्तर भरलं की दुकानातल्या काट्यावर ठेवून बघा.

पाठीवरच्या दप्तरात: पाण्याची बाटली, मूठभर शेंगदाणे-गूळ किंवा राजगिऱ्याचा लाडू, रोजच्या गोळ्या, मीठ-साखरेच्या पाण्याची दोन पाकिटं, चिकटपट्टी, छोटी कात्री, व्हॅसलिन, दोन पॅड किंवा कापडाच्या घड्या, साबणाचा तुकडा, पंचा, अंगावर घ्यायला प्लास्टिकचा कागद आणि मोबाइल. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत.

ट्रकमधल्या बोचक्यात: दोन साड्या, पोलकी आणि परकर, अंथरायला आणि पांघरायला, ताट-पेला, बॅटरी, जास्तीची औषधं, दुसरं पायताण. साड्या जाड सुती घेऊ नका. भिजल्या की जड होतात आणि वाळत नाहीत. हलकी, पटकन वाळणारी साडी बरी. बोचक्यात आधी सगळं मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत भरा, मग गाठ मारा. बोचक्यावर नाव, गाव आणि दिंडी क्रमांक न पुसणाऱ्या शाईनं लिहा. सोनं घरी ठेवा.

पाणी कमी पिऊ नका

आता मी सर्वांत महत्त्वाचं सांगणार आहे, आणि मोकळेपणानं सांगणार आहे.

वाटेवर बाई आजारी पडते त्याचं एक मोठं कारण म्हणजे ती पाणी पीत नाही. आणि पाणी का पीत नाही? लघवीला कुठं जायचं, म्हणून. लाखो माणसं, दोन्हीकडे पुरुष, आडोसा नाही. मग बाई सकाळी घोटभर चहा घेते आणि दुपारपर्यंत कोरडी राहते. त्यातून डोकं दुखतं, चक्कर येते, पायात गोळे येतात, लघवीला जळजळ सुरू होते, ताप चढतो. उन्हाचे दिवस असले तर यातून जीवही जाऊ शकतो. लाज वाटून पाणी टाळणं हे वारीतलं आपलं सर्वांत मोठं दुखणं आहे, आणि ते आपण एकमेकींपासूनसुद्धा लपवतो.

म्हणून ही गोष्ट गटात आधी बोला. जोड्या करा. एकीला जायचं असेल तर दुसरी साडी किंवा चादर धरून आडोसा करेल. संकोच नको, तिनं "थांब" म्हटलं की थांबायचं. पालखीतळावर आणि वाटेवर आता फिरती शौचालयं असतात. तळावर पोचल्या पोचल्या ती कुठे आहेत हे बघून ठेवा. पहाटे चारनंतर रांगा लागतात, म्हणून दोघी-तिघींनी तीनलाच उठून, बॅटरी घेऊन जाऊन यायचं.

दिवसाला तीन ते चार लिटर पाणी पोटात जायला हवं. एकदम तांब्याभर नको, दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन घोट. लघवीचा रंग बघत चला. फिकट असेल तर ठीक. गडद पिवळी झाली, किंवा सकाळपासून दुपारपर्यंत लघवीच झाली नाही, तर पाणी कमी पडतंय.

घाम खूप गेला किंवा जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी घ्या. पाकीट असेल तर पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यात. नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, पोह्यांचा नाही. मीठ यापेक्षा जास्त नको. पाणी टँकरचं असलं तरी शुद्ध केलेलं आहे का ते विचारा, नाहीतर आरोग्य खात्याकडून मिळणाऱ्या औषधाचे थेंब बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाकून अर्धा तास थांबा.

बरोबरची बाई असंबद्ध बोलू लागली, अंग तापलं, तोल जाऊ लागला, तर तो उन्हाचा झटका असू शकतो. तिला सावलीत न्या, लुगडं ओलं करा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी ओतू नका.

पाळीचं काय?

वीस दिवसांच्या वारीत बऱ्याच जणींची पाळी येणारच. पाळीत काय पाळायचं आणि काय नाही, ते जिचं तिनं ठरवावं. मला बोलायचंय ते गोळ्यांबद्दल. पाळी पुढे ढकलायची गोळी मैत्रिणीनं घेतली म्हणून आपणही दुकानातून आणायची, हे करू नका. ज्यांना पूर्वी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झाली आहे, यकृताचा आजार आहे, स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे, त्यांना ती गोळी धोक्याची आहे. रक्तदाब किंवा अर्धशिशी असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. घ्यायचीच असेल तर पहिल्या आठवड्यातल्या तपासणीतच विचारा.

गोळी नको असेल तर सरळ सोय करून निघा. पॅड किंवा स्वच्छ, वाळलेलं सुती कापड जवळ ठेवा आणि सहा तासांच्या आत बदला. वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून कचरापेटीत टाका. शेतात टाकलं तर उद्या ते कुणा शेतकरणीलाच उचलावं लागतं.

दिंडीत नाव देताना

दिंडीचे पैसे, म्हणजे भिशी, भरण्याआधी गटानं दिंडीचालकांना चार प्रश्न विचारावेत. बायकांच्या झोपायची जागा वेगळी आहे का? अंघोळीला आडोसा असतो का? दिंडीत बायकांची विचारपूस करणारी जाणती बाई कोण आहे? आणि चालता न आल्यास ट्रकमध्ये बसायला जागा मिळेल का? चांगला चालक या प्रश्नांनी रागावत नाही.

पैसे एकदम काढायला जड जातात. गटात आतापासून दर आठवड्याला थोडे बाजूला टाका. भिशी, औषधं, पायताण, हातखर्च आणि परतीचं भाडं, एवढं धरा. २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, ते हिशोबात घ्या.

प्रत्येकीनं एक कागद प्लास्टिकमध्ये घालून गळ्यात किंवा कमरेला ठेवावा. त्यावर नाव, गाव, घरचा नंबर, दिंडीचा क्रमांक, आणि ती रथापुढची की रथामागची हे लिहा. आजार असेल तर तो आणि चालू गोळ्यांची नावं. क्रमांक पाठही करा, मोबाइल बंद पडतो. चुकामूक झाली तर गर्दीत शोधत फिरायचं नाही. ठरलेल्या मुक्कामाला जाऊन दिंडीचा तंबू गाठायचा. अडचण आलीच तर ११२ नंबर लक्षात ठेवा.

खाणं आणि झोप

पहाटे उपाशी निघू नका. चहाबरोबर काहीतरी पोटात जाऊ द्या. वाटेत जागोजागी लोक प्रेमानं खायला देतात, पण दिसेल ते खाल्लं तर पोट बिघडतं. गरम, ताजं खा. उघडं कापलेलं फळ टाळा. एकादशीचा उपास असेल तर त्या दिवशी पाणी दुप्पट. साखरेची गोळी किंवा इंजेक्शन चालू असलेल्यांनी उपासाचं डॉक्टरांना आधीच विचारावं आणि खिशात साखर ठेवावी. हात कापायला लागले, दरदरून घाम फुटला, तर लगेच तोंडात टाकायची.

रात्री भजन, गप्पा रंगतात. जरूर बसा, पण सहा तास झोप मिळेल असं बघा. निजताना पायांखाली बोचकं ठेवून पाय उंच करा, सूज उतरते. अंग दुखतं म्हणून रोज उपाशीपोटी दुखण्याची गोळी घेऊ नका. पोटात जळजळ होते, आणि पाणी कमी पडलेल्या अंगात ती गोळी मूत्रपिंडाला अपाय करते.

आणि एक दिवस खरोखर चालवत नसेल, ताप असेल, पाय टेकवत नसेल, तर ट्रकमध्ये बसा. "वारी मोडली" असं मनाला लावून घेऊ नका, आणि दुसरीला तसं म्हणूही नका. एक दिवस पाय थांबले तर पुढचे दहा दिवस चालता येतं. लपवून ओढत राहिलात तर पुढचे दहाही जातात.

मैत्रिणींनो, पंढरीला पोचल्यावर दर्शनाची रांगही मोठी असते, तासन्‌तास उभं राहावं लागतं. त्यासाठीही पायात बळ उरायला हवं. तेव्हा येत्या बैठकीत तीन कामं करा. वारीला जाणाऱ्यांची यादी करा. आरोग्य केंद्रात जायचा दिवस ठरवा. आणि कोण कुणाची जोडीदारीण, ते ठरवा. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला देवळापाशी जमा आणि पहिले तीन किलोमीटर चालून या.

राम कृष्ण हरी.